तेल गळणारी जगज्जेती

जुलैत पेणच्या खारेपाटातल्या एखाद्या बांधावर मोटारसायकल घातली की मागच्या चाकाखाली भांडण सुरू होतं. एका बाजूला इंजिनाचा जोर, दुसऱ्या बाजूला चिखलाची पकड. जोर कमी पडला तर गाडी थांबते, जास्त झाला तर चाक जागच्या जागी गरगरतं, खड्डा खणतं आणि गाडी चेसीवर टेकते. खाडीकाठची चिकणमाती टायरच्या खाचांत इतकी घट्ट बसते की पाच-सात फेऱ्यांत टायरला खाच उरतच नाही. रोह्याकडे, डोंगराच्या अंगाला गेलं की माती बदलते. तिथला मुरूम पाणी सोडतो, पण वर सुटे खडे ठेवतो. भांडण मात्र तेच.

या भांडणावर इंग्लंडातल्या इंजिनिअरांचं उत्तर होतं एकाच मोठ्या सिलिंडरचं इंजिन, आणि त्याचा हिशेब कागदावर मांडला की मी दर वेळी थक्क होतो. एका सिलिंडरचं चार-स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदाच पेट घेतं. चाकाचा घेर सुमारे २ मीटर धरा. खालच्या गिअरमध्ये चाकाची एक फेरी पूर्ण होईपर्यंत इंजिन १२ वेळा फिरतं असं समजा. म्हणजे २ मीटरच्या वाटेवर इंजिनाचे सहा धक्के. जमिनीवर मोजलं तर साधारण ३३ सेंटिमीटरला एक, फूटभर अंतराला एक. इंजिन हळू फिरो की जोरात, गिअर तोच असेल तर हे अंतर बदलत नाही. फटफटीचा तो ‘धक्‌-धक्‌’ आवाज आपण कानाने ऐकतो, पण चिखलात तो फूटपट्टीने आखल्यासारखा मातीत उतरत असतो.

दोन धक्क्यांमधल्या त्या फूटभरात काय होतं, यात सगळी गंमत आहे. धक्का बसला की टायर किंचित घसरतो. मग इंजिन गप्प असतं, जड फ्लायव्हील आपल्या गतीने चाक फिरवत राहतं आणि टायरला पुन्हा मातीत दात रोवायला सवड मिळते. दोन-स्ट्रोक इंजिन प्रत्येक फेरीला पेटतं, म्हणून त्याचा धक्का अर्ध्या फुटावरच येतो आणि ही सवड निम्मी होते. चिखलात आयुष्य घालवलेले जुने चालक मोठ्या सिंगल सिलिंडरवर जीव टाकत, त्याचं कारण ते असंच सांगत.

आता या गाड्यांच्या लौकिकाकडे. ब्रिटिश मोटोक्रॉस गाड्यांबद्दल, म्हणजे खडबडीत मातीवरच्या शर्यतींच्या गाड्यांबद्दल, दोन गोष्टी एकाच दमात सांगितल्या जातात: त्यांनी जग जिंकलं, आणि त्या भरवशाच्या नव्हत्या. दोन्ही एकदम खऱ्या कशा असतील?

जग जिंकलं, हे तर नोंदीत आहे. हा खेळच ब्रिटिशांनी सुरू केला. मार्च १९२४ मध्ये सरे परगण्यातल्या कॅम्बर्ली इथे झालेली स्क्रँबल (मोटोक्रॉसचं ब्रिटिश नाव) ही या खेळाची पहिली शर्यत मानतात. १९४७ मध्ये नेदरलँड्समधल्या वासेनारला राष्ट्रसंघांची पहिली मोटोक्रॉस स्पर्धा झाली, ती ब्रिटनने जिंकली. १९५७ मध्ये ५०० सीसी गटाचं पहिलं जागतिक विजेतेपद स्वीडनच्या बिल निल्सनने पटकावलं, पण त्याच्या मांडीखालची गाडी होती ब्रिटिश एजेएस, तीही डांबरी ट्रॅकवरच्या शर्यतीच्या गाडीत फेरफार करून उभी केलेली. १९६० आणि १९६१ मध्ये डेव्ह बिकर्सने ग्रीव्ह्ज गाडीवर २५० सीसीचं युरोपीय विजेतेपद दोनदा मिळवलं. आणि १९६४ व १९६५ मध्ये जेफ स्मिथ बीएसएवर ५०० सीसीचा जगज्जेता झाला.

यातली ग्रीव्ह्ज मला फार आवडते, कारण तिची जन्मकथा विलक्षण आहे. बर्ट ग्रीव्ह्जचा एक चुलतभाऊ, डेरी प्रेस्टन-कॉब, पांगळा होता. त्याच्यासाठी ग्रीव्ह्जने खुर्चीला इंजिन जोडलं, त्यातून अपंगांच्या तीनचाकी गाड्यांचा कारखाना उभा राहिला, आणि पुढे त्याच माणसांनी चिखलात उड्या मारणाऱ्या मोटारसायकली बनवल्या. तिची चेसी बघा: इतरांच्या गाडीत हँडलपासून इंजिनापर्यंत स्टीलची नळी उतरते, हिच्यात तिथे ओतीव अ‍ॅल्युमिनियमची तुळई आहे, इमारतीच्या गर्डरसारख्या आडव्या छेदाची. दिसायला ओबडधोबड, पण जिथे नळी वाकेल तिथे ही तुळई सरळ राही.

मग भरवसा कुठे कमी पडला?

आधी तेल. ब्रिटिश गाडी उभी केली की खाली तेलाचा डाग पडणारच, यावर शेकडो विनोद आहेत. कारण मात्र विनोदी नाही. स्मिथच्या १९६५ च्या बीएसए व्हिक्टरचं इंजिन ४४१ सीसीचं होतं. म्हणजे पिस्टन वरून खाली आला की क्रँककेसमधली तितकीच, जवळजवळ अर्धा लिटर हवा दाबली जाते. मिनिटाला ६००० फेऱ्या म्हणजे सेकंदाला १०० वेळा ही हवा दाबायची आणि ओढायची. एका सिलिंडरच्या इंजिनात दुसरा पिस्टन नसतो, म्हणून ही हवा शेजारी सरकून कुठे जाऊ शकत नाही. तिला बाहेर पडायला छोटी श्वासनळी ठेवलेली असते. ती पुरली नाही तर हवा पॅकिंगच्या फटीतून वाट काढते आणि जाताना तेल बरोबर नेते. त्यात झाकणाचे दोन पृष्ठभाग काटेकोर सपाट नसतील तर विचारूच नका. आणि ब्रिटिश कारखान्यांतली बरीच यंत्रं तेव्हा वयस्कर झाली होती.

गाडी बंद असतानाही तेल स्वस्थ बसत नाही. या इंजिनांत तेलाचा साठा क्रँकपासून वेगळा ठेवलेला असतो आणि पंप ते फिरवतो. पंपातली किंवा व्हॉल्व्हमधली फट थोडी वाढली, की उभ्या गाडीत ते तेल रात्रभर झिरपत क्रँककेसमध्ये उतरतं. सकाळी टाकीत पाहावं तर तेल नाही, म्हणून भलामाणूस वरून लिटरभर ओततो, किक मारतो आणि मग ते सगळं मिळेल त्या फटीतून बाहेर येतं. दोष निम्मा गाडीचा, निम्मा ओतणाऱ्याचा.

दुसरं, वीज. लुकास कंपनीच्या विजेच्या सामानाची इंग्लंडात इतकी थट्टा झाली की कंपनीच्या संस्थापकाला लोकांनी अंधाराचा राजपुत्र ठरवलं. स्क्रँबलच्या गाडीला दिवे नसतात, पण ठिणगीसाठी मॅग्नेटो लागतो. त्याच्या आत तांब्याच्या बारीक तारेची गुंडाळी फिरते आणि त्या तारेवर विजेला अडवणारा थर असतो शेलॅकचा, म्हणजे लाखेचा. तीच लाख, जी आपल्या देशातल्या जंगलांत झाडांवरचे किडे तयार करतात आणि जी भारताने जगाला पिढ्यान्‌पिढ्या पुरवली. लाख उष्णतेने मऊ होते. इंजिन तापलं की मॅग्नेटोतली लाख पाझरते आणि गार झाल्यावर फिरती गुंडाळी जागीच चिकटवून टाकते. दमट हवेत तिच्यात ओल शिरते ते वेगळंच. गंमत अशी की आपल्याकडचे मिस्त्री इंजिनाचं पॅकिंग बसवताना त्यावर शेलॅकच लावत आले आहेत, तेल गळू नये म्हणून. एकाच पदार्थाने तेल अडवलं आणि ठिणगीही.

तिसरं, पाने. जोसेफ व्हिटवर्थने १८४१ मध्ये आट्यांचं जे माप ठरवलं, त्यात आट्याचा कोन ५५ अंशांचा. मेट्रिक आट्याचा ६० अंशांचा. शिवाय व्हिटवर्थ पान्यावर कोरलेला आकडा नटच्या डोक्याचा नसतो, बोल्टच्या जाडीचा असतो. ज्याला हे ठाऊक नाही तो जवळपासच्या मापाचा मेट्रिक पाना लावतो, नटचे कोपरे गोल करतो आणि मग गाडीला शिव्या देतो. जुन्या ब्रिटिश गाड्यांची अर्धी बदनामी चुकीच्या पान्यांनी केली, असं माझं ठाम मत आहे.

मात्र या तिन्ही तक्रारींत एक समान धागा दिसतो. तेल गळालं, मॅग्नेटो चिकटला, नट झिजला, यातलं काहीही झालं तरी हातात साधी हत्यारं असलेला माणूस ते रस्त्याकडेला उघडून बघू शकत होता. भरवसा या एका शब्दाखाली आपण दोन वेगळ्या गोष्टी बांधतो. एक, गाडी बिघडणार नाही. दुसरी, बिघडली तरी घरी येईल. ब्रिटिश गाड्या पहिल्या परीक्षेत काठावर, पण दुसरीत पहिल्या वर्गात पास होत्या.

आणि दुसरी परीक्षा खरोखर घेतली जात असे. इंटरनॅशनल सिक्स डेज ट्रायल ही स्पर्धा म्हणजे सहा दिवस डोंगरातून, नदीनाल्यांतून गाडी चालवायची. सुरुवातीलाच इंजिन, चेसी अशा मुख्य भागांवर खुणा करून ठेवत, म्हणजे ते बदलता येऊ नयेत. दुरुस्ती चालकाने स्वतःच करायची, तीही ठरलेल्या वेळेत. १९४८ मध्ये इटलीतल्या सान रेमोला ही स्पर्धा झाली. तिथे ब्रिटिश संघाने ट्रॉफी जिंकली आणि त्या संघात रॉयल एन्फिल्डच्या नव्या ३५० सीसी बुलेटवर बसलेल्या दोघांना सुवर्णपदकं मिळाली. तेव्हा बहुतेक मोटारसायकलींचं मागचं चाक चेसीला पक्कं आवळलेलं असे. या बुलेटचं मागचं चाक मात्र वरखाली होणाऱ्या स्विंगआर्मवर, दोन शॉकअ‍ॅब्सॉर्बरांच्या आधाराने झुलत होतं. लोक हसले होते म्हणतात. सहा दिवसांनी हसले नसावेत.

तीच ही बुलेट. पेणच्या बाजारातून लग्नाच्या वरातीपुढे जाणारी आणि रोह्याच्या पुलावर आवाजाने माना वळवायला लावणारी. १९५५ मध्ये मद्रास मोटर्सबरोबर एन्फिल्ड इंडिया स्थापन झाली, तिरुवोट्टियूरच्या कारखान्यात गाड्या बनू लागल्या आणि १९७० मध्ये इंग्लंडातलं मूळ दुकान बंद झाल्यावरही इथे त्या बनतच राहिल्या. १९७७ पासून तर इथून उलट इंग्लंडला जाऊ लागल्या. डोंगरदऱ्यांतल्या परीक्षेसाठी घडवलेली गाडी आपल्याकडे पाटलांची, फौजदारांची, दूधवाल्यांची झाली. आपण तिला रुबाबाची गाडी मानली. ती मुळात चिखलाची, हे फारसं कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

अर्थात चिखल शोधायला तिला आपल्याकडे कुठे जावं लागलं नाही. मुंबई-गोवा महामार्गाचा पळस्पे ते इंदापूर हा ८४ किलोमीटरचा टप्पा रुंद करायला २०११ मध्ये घेतला आणि त्यानंतरच्या कितीतरी पावसाळ्यांत पेण, वडखळ, नागोठण्याच्या माणसाने प्रवेश शुल्क न भरता मोटोक्रॉस खेळून घेतलं.

जुन्या बुलेटला किक मारणं ही तर यंत्राशी हस्तांदोलन करायची रीत आहे. चावी फिरवायची, किक हळूहळू दाबत अ‍ॅमीटरचा काटा पाहायचा. पॉइंट मिटलेले असताना कॉइलमधून वीज वाहते आणि काटा एका बाजूला कलतो. पॉइंट उघडले की काटा मध्यावर येतो. म्हणजे पिस्टन जवळजवळ माथ्यावर पोचला. मग डीकॉम्प्रेसरची कळ दाबून आतला दाब सोडायचा, पिस्टन माथ्यापलीकडे किंचित ढकलायचा, कळ सोडायची आणि पूर्ण अंगाने एक किक. बंद इंजिनाच्या पोटातला पिस्टन नेमका कुठे आहे, हे एका काट्यावरून आणि पायाच्या तळव्यावरून ओळखायचं! स्क्रँबलच्या गाड्यांना तर अ‍ॅमीटरही नसे, सगळं पायावर. अंदाज चुकला की किक उलटी फिरते आणि पोटरीला जन्माची आठवण देते.

कोकणात या गाड्यांचे शत्रू वेगळे आहेत. इंग्लंडातला चिखल थंड आणि हवा दमट, पण धरमतरच्या खाडीवरून येणाऱ्या हवेत मीठ असतं आणि रायगडात पावसाळ्यात ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. इंजिनापेक्षा आधी जातात ते चाकाचे आरे, सायलेन्सरचं पोट आणि चेसीला जोडलेल्या अर्थिंगच्या तारा. मिठाचा पातळ थर तारेच्या टोकाखाली गंज धरतो आणि वीज परतीची वाट हरवते. मिस्त्री कॉइल बदलतो, प्लग बदलतो, पॉइंट घासतो आणि शेवटी दोन रुपयांचा नट सोडून, खाली पॉलिश पेपर मारून परत आवळतो तेव्हा गाडी सुरू होते. यात लुकासचा काही दोष नाही.

दुरुस्तीची ही सोय जेव्हा ब्रिटिशांनी स्वतःच सोडली, तेव्हा काय झालं त्याची कथा फार बोलकी आहे. दोन विजेतेपदांनंतर बीएसएला वाटलं, गाडी आणखी हलकी करावी. १९६६ साठी त्यांनी चेसी टायटॅनियमची केली. टायटॅनियम स्टीलच्या साधारण पावणेदोन पट हलकं आणि ताकदीला कमी नाही. पण त्याला एक खोड आहे: तापलं की ते हवेतला ऑक्सिजन आणि नायट्रोजन अधाशासारखं शोषून घेतं आणि ठिसूळ होतं. म्हणून त्याचं वेल्डिंग करताना आर्गन वायूचं आवरण लागतं, सांध्याच्या दोन्ही बाजूंनी. १९६६ मध्ये युरोपातल्या कुठल्याशा टेकडीवर, शर्यतीच्या मैदानाकडेला, आर्गन कुठून येणार? स्टीलची नळी तडकली तर गावातला लोहारही पितळेचा सांधा मारून देई. पेणच्या गणपतीच्या मूर्तीचं बोट वाटेत तडकलं तर कारागीर त्याच मातीने ते पुन्हा जोडतो, तसं हे काम होतं. टायटॅनियमची चेसी लवचीक निघाली, तडकली आणि तिला तिथल्या तिथे जोडणारं कुणी नव्हतं. ते वर्ष हातचं गेलं. आज रोह्याजवळच्या धाटाव एमआयडीसीत रासायनिक कारखान्यांच्या स्टीलच्या नळ्यांना आर्गन वेल्डिंग करणं हे रोजचं काम आहे. जगज्जेत्या कारखान्याला जे शर्यतीच्या मैदानावर मिळालं नाही, ते आता रोह्याच्या वेशीवर मिळतं.

१९६६ चं विजेतेपद गेलं पूर्व जर्मनीच्या पॉल फ्रीडरिक्सकडे, चेकोस्लोव्हाकियाच्या सीझेड गाडीवर. दोन-स्ट्रोक. व्हॉल्व्ह नाही, कॅम नाही, तेलाचा पंप नाही; म्हणजे बिघडायला भागच कमी आणि वजनही कमी. मघाचा फूटभराचा हिशेब तिच्या विरुद्ध होता, पण वजनाने तो खोडून काढला. या सीझेडची सख्खी बहीण म्हणजे जावा, आणि ती तोवर म्हैसूरला इराणी कुटुंबाच्या आयडियल जावा कारखान्यात बनू लागली होती. पुढे तिचंच नाव येझदी झालं. म्हणजे युरोपच्या टेकड्यांवरचं बुलेटच्या आणि सीझेडच्या घराण्यांचं भांडण आपल्याकडे कॉलेजच्या फाटकाबाहेर ‘बुलेट की येझदी’ या रूपात पिढीभर चाललं, आणि भांडणाऱ्यांना त्याची खबरही नव्हती.

बीएसएचं शर्यत खातं १९७१ मध्ये बंद पडलं. बोल्टनच्या अ‍ॅलन क्लूजने तिथले उरलेले सुटे भाग विकत घेतले आणि त्यांतून सीसीएम नावाच्या गाड्या उभ्या केल्या. बाकीच्या ब्रिटिश कारखान्यांची नावं हळूहळू विझली. ती आज कुणाच्या हातात आहेत ते पाहिलं तर नवल वाटतं. बीएसए २०१६ पासून महिंद्रांच्या क्लासिक लेजंड्सकडे, आणि त्या कंपनीच्या भागीदारांत जावावाल्या इराणींचे वारस. नॉर्टन २०२० पासून टीव्हीएसकडे. ट्रायम्फ अजून इंग्रजांचीच, पण तिची स्क्रँबलर ४०० एक्स बजाजच्या चाकणच्या कारखान्यात तयार होते. पेणहून खोपोली गाठून बोरघाट चढायचा, तळेगावला वळायचं की चाकण.

चार-स्ट्रोकचं तरी काय झालं? स्मिथच्या १९६५ च्या विजयानंतर ५०० सीसी गटात चार-स्ट्रोकवर जगज्जेता व्हायला १९९३ उजाडावं लागलं. १९९८ मध्ये यामाहाने वायझेड ४०० एफ आणली आणि वारं फिरलं. जानेवारी २०२४ मध्ये पुण्याच्या बालेवाडी क्रीडा संकुलात इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली फेरी झाली. तिथे मातीच्या टेकड्यांवरून उडणाऱ्या मोठ्या गटाच्या गाड्या ४५० सीसीच्या, एका सिलिंडरच्या, चार-स्ट्रोक; स्मिथच्या व्हिक्टरपेक्षा जेमतेम ९ सीसीने मोठ्या. त्यांच्यातून तेल गळत नाही. पण त्यांचा देखभालीचा तक्ता किलोमीटरमध्ये नसतो, तासांत असतो. इंजिन किती तास चाललं याचं मीटर त्यासाठीच लावतात आणि ठरावीक तास भरले की, आवाज कितीही गोड असला तरी, पिस्टन काढून नवा घालायचा असतो.